मंडळीचे बोलणे फाटकाच्या आत येऊ द्या

महाराष्ट्रातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक, वडीलजन आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिट्यांचे सभासद यांस,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

रविवारची उपासना संपते, आशीर्वाद होतो, पाळक दारात उभे राहून सगळ्यांशी हात मिळवतात आणि मग मंडळीचे खरे बोलणे फाटकाबाहेर सुरू होते. आत कुणी काही विचारलेले नसते. बाहेर मात्र समजते, की छपराच्या दुरुस्तीचा हिशेब कुणाला नीट कळलेला नाही, नाताळच्या कार्यक्रमासाठी तरुण संघाने मागितलेला हॉल का नाकारला हे त्या मुलांना कुणी सांगितलेले नाही, आणि गायनमंडळातल्या दोन भगिनी एकाच बाकावर बसून एकमेकींशी बोलत नाहीत. हे सगळे बोलणे फाटकाच्या आत यावे, स्पष्ट व्हावे आणि हसतमुखाने व्हावे, एवढ्यासाठी मी हे पत्र लिहिते आहे.

आपल्या माणसांना बोलता येत नाही असे अजिबात नाही. कागद न धरता लांबलचक प्रार्थना करणारी, भजनात रंगणारी, साक्ष देताना स्वतःचे आयुष्य उघडे करणारी ही माणसे. मग सभेत त्यांची जीभ जड का होते? कारण मला आपल्या इतिहासात दिसते. आपल्या कितीतरी मंडळ्या मिशनच्या कंपाउंडात वाढल्या. चर्च, शाळा, बोर्डिंग, दवाखाना, राहायच्या खोल्या, सगळे एका भिंतीच्या आत. ज्यांच्या शब्दावर शाळेतली नोकरी मिळायची, तेच सभेचे अध्यक्ष असायचे. खोली रिकामी करायला सांगण्याचा अधिकारही त्यांच्याच हातात. त्यात मंडळी लहान आणि सोयरिकी आपापसात. आज ज्याच्या हिशेबावर बोट ठेवायचे, त्याच्याच घरी उद्या मुलगी द्यायची. अशा ठिकाणी गप्प राहून आपल्या आजी-आजोबांनी संसार सांभाळला. त्यांना मी दोष देत नाही. पण मिशनरी परत गेले त्याला पिढ्या लोटल्या, कारभार आपल्या हाती आला, आणि गप्प राहण्याची सवय तेवढी मागे राहिली. आता तिची किंमत जबर झाली आहे. जे वर्षानुवर्षे सभेत विचारले जात नाही, ते एक दिवस वकिलाच्या नोटिशीतून विचारले जाते. मालमत्तेचे खटले, निवडणुकीचे खटले, तारखांवर तारखा. भाऊ भावाला न्यायालयात खेचतो म्हणून प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला किती कळवळून खडसावले होते, हे आपण सगळेच जाणतो.

पहिल्या मंडळीत कुरकुर नव्हती असे पवित्र शास्त्र कुठेही म्हणत नाही. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सहावा अध्याय कुरकुरीनेच सुरू होतो. रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा उपेक्षित राहतात, अशी ती तक्रार. अन्नाची तक्रार, पैशाची तक्रार आणि आत भाषेचा भेद. म्हणजे आपल्या चांगल्या ओळखीची. बारा प्रेषितांनी काय केले? ही कुजबुज कुणी सुरू केली याचा तपास लावत ते बसले नाहीत. सगळ्या शिष्यांना त्यांनी एकत्र बोलावले, वचनाची सेवा सोडून पंक्तीची व्यवस्था पाहणे आम्हांला शोभणार नाही हे मोकळेपणाने सांगितले, आणि या कामासाठी माणसे तुम्हीच निवडा म्हणाले. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्याकडून तक्रार आली, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती मंडळीने वाटणी दिली. कमिटी कशी चालवावी याचा यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही. नवीन कमिटी निवडून आली की पहिल्या बैठकीत हा अध्याय मोठ्याने वाचावा आणि त्यावर प्रत्येकाने दोन वाक्ये बोलावीत.

त्याच पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात एक पत्र आहे. यरुशलेमेतून अंत्युखियाला गेलेले ते मंडळीचे पहिले परिपत्रक म्हणायला हरकत नाही. आधी पुष्कळ वादविवाद झाला, हे त्या पुस्तकाचा लेखक लूक लपवत नाही. मग निर्णय झाला. पत्र किती छोटे आहे पाहा. ज्यांनी तुम्हांला घोटाळ्यात पाडले त्यांना आम्ही पाठवले नव्हते, हे सुरुवातीलाच सांगितले आहे. काय ठरले ते थोडक्यात आहे. आणि पत्राबरोबर यहूदा व सीला ही दोन माणसे पाठवली, कारण तीच गोष्ट त्यांनी तोंडी समजावून सांगायची होती. अंत्युखियात लोकसमुदाय जमवून पत्र वाचले गेले तेव्हा लोकांना आनंद झाला. आता आपली परिपत्रके आठवा. डायोसिसकडून, म्हणजे बिशपांच्या कार्यालयाकडून, आलेला कागद इंग्रजीत असतो, किंवा अशा मराठीत की वाचणाऱ्या सेक्रेटरींनाही दम लागतो. 'सक्षम समितीच्या निर्णयानुसार सदर बाब पुढील कार्यवाहीस्तव' वगैरे वाचून होते, मागच्या बाकावरची आजी शेजारणीला 'काय म्हणाले गं?' असे विचारते आणि शेजारीण खांदे उडवते. मग त्या कागदाचा अर्थ फाटकाबाहेर ठरतो, आणि तिथे तो ज्याला जसा हवा तसा लागतो. न समजणारे शब्द म्हणजे वाऱ्याशी बोलणे, हे पौलाने करिंथच्या उपासनेविषयी सांगितले. कारभारालाही ते तितकेच लागू आहे.

आपला वारसा तर उलट आहे. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राचोलला छापून निघाले. एक इंग्रज माणूस मराठी ओवीत दहा हजारांहून अधिक ओव्या रचतो, हे नवल आपण नेहमी सांगतो. पण पुराणाच्या आरंभीचा प्रसंग आपण विसरतो. जुनी पुराणे आम्ही सोडली, मग त्या जागी आम्हांला वाचायला तुम्ही काय देता, असे नव्या ख्रिस्ती लोकांतला एक जण पाद्रींना विचारतो. मंडळीतला माणूस उभा राहिला, त्याने अवघड प्रश्न सरळ विचारला, आणि त्याला उत्तर म्हणून मराठीतला एवढा मोठा ग्रंथ उभा राहिला. पाद्रींनी त्याला खाली बसवले असते तर आपण केवढ्या ठेव्याला मुकलो असतो!

आणि पंडिता रमाबाई. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या आध्यात्मिक माता. रमाबाई त्यांना 'आजीबाई' म्हणत. या दोघींमधली पत्रे १९७७ साली पुस्तकरूपाने आली. प्रत्येक पाळकाने आणि प्रत्येक कमिटी सभासदाने ती वाचावीत असे मला मनापासून वाटते. त्यांत केवढे वाद आहेत! त्रैक्याचा सिद्धान्त, चर्चचा अधिकार, रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही हा प्रश्न, जेवणात अंडे चालते की नाही हासुद्धा. भारतातल्या पुरोहितांचे जू मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, आता दुसरे तसलेच जू घेणार नाही, असे ही नवी ख्रिस्ती विधवा, परक्या देशात, ज्यांच्या आश्रयाला राहिली त्यांनाच लिहिते. वधस्तंभाच्या चिन्हावर लॅटिन अक्षरे कशाला, माझ्या देशातल्या आयाबहिणींना ती कळणार आहेत का, संस्कृत का नको, असे ती विचारते. तुम्हांला लॅटिनचा जो अभिमान तोच ब्राह्मणांना संस्कृतचा, हेही सुनवायला ती विसरत नाही. आणि हे सगळे 'आजीबाईं'ना. मायेचे संबोधन सुटत नाही, म्हणणेही सोडले जात नाही. सिस्टर जेराल्डीन यांचे मोठेपण यात, की जी पत्रे त्यांच्या अधिकाराला आव्हान देत होती तीच त्यांनी जपून ठेवली, एकत्र केली. पत्रव्यवहार पुढे अनेक वर्षे चालू राहिला. माझ्या मते मंडळीतल्या मतभेदाचा आदर्श हाच आहे. केडगावला मुक्ती मिशनमध्ये याच रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे भाषांतर करण्यात घालवली, आणि खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशी मराठी त्यासाठी वापरली. देवाचे वचन जर त्या बाईला कळेल अशा भाषेत येऊ शकते, तर कमिटीचा ठराव का येऊ नये?

निनावी पत्रांविषयी मला थोडे कडक बोलावे लागेल. पाळकांच्या बदलीच्या आधी, निवडणुकीच्या आधी बिशपसाहेबांकडे अशी पत्रे जातात हे सर्वांना माहीत आहे. करिंथमध्ये गट पडल्याचे पौलाच्या कानावर आले, तेव्हा त्याने पत्रात स्पष्ट लिहिले, की ख्लोवेच्या घरच्या माणसांनी मला हे सांगितले. सांगणाऱ्याचे नाव आहे, आणि ते नाव पत्रात आहे म्हणून ख्लोवेच्या माणसांना कुणी वाळीत टाकल्याचे पुढे कुठे दिसत नाही. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, बंधूंच्या पंक्तीतून मागे सरला, तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमोर तोंडावर विचारले. पुढे पेत्राच्या नावाच्या दुसऱ्या पत्रात पौलाचा उल्लेख प्रिय बंधू असाच येतो. पण हेही खरे, की जिथे सही करणाऱ्याच्या मुलाचे शाळेतले ॲडमिशन अडते, तिथे लोक निनावीच लिहिणार. निनावी पत्रे बंद व्हायला हवी असतील, तर नाव घालून लिहिणाऱ्याला काही होणार नाही याची हमी आधी कमिटीने द्यायला हवी.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायाचा दाखला सगळे देतात: भावाने अपराध केला तर आधी एकांतात जाऊन त्याला सांग. ही आज्ञा सोन्याची आहे. गायनमंडळातल्या त्या दोन भगिनींना तीच हवी आहे. मात्र तिचा दुरुपयोगही मी पाहिला आहे. मंडळीच्या पैशाविषयी सभेत प्रश्न आला की 'हे एकांतात बोलू, शास्त्र तसेच सांगते' म्हणून तो खोलीत नेऊन मिटवला जातो. दोन माणसांमधला अपराध वेगळा आणि सगळ्यांच्या अर्पणाचा हिशेब वेगळा. अर्पण सर्वांसमोर गोळा होते, त्याचा हिशेबही सर्वांसमोर द्यावा. आणखी एक गोष्ट आहे, जी बोलायला जड जाते. एखाद्या अधिकारी माणसाने एखाद्या मुलीला त्रास दिला असेल, तर 'तू आधी एकटीने त्याच्याकडे जा' असे तिला सांगणे हा त्या वचनाचा अर्थ नव्हे. तिच्या बाजूने मंडळीने जायचे असते, आणि कायद्याचे दार ठोठवायचे असेल तर तेही तिच्याबरोबर.

आता हसण्याविषयी, कारण नुसता स्पष्टपणा आपल्याला पेलायचा नाही. पौल कलस्सैच्या मंडळीला सांगतो, की तुमचे बोलणे कृपेने भरलेले आणि मिठाने रुचकर केल्यासारखे असू द्या. कृपा आणि मीठ, दोन्ही. आपल्याकडे स्पष्टवक्ते म्हणवणारे काही जण नुसते मीठच वाढतात आणि त्याला सत्य म्हणतात.

लक्ष्मीबाई टिळकांचे नाव घेतल्याशिवाय मराठी ख्रिस्ती माणसाने या विषयावर लिहू नये. १९३४ पासून भागाभागाने आलेली त्यांची स्मृतिचित्रे सगळ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला, त्यानंतर या बाईच्या वाट्याला काय आले ते आठवा. नवऱ्यापासून ताटातूट, नातलगांचे बोल, पुढे नगरला येऊन पुन्हा संसार, मग स्वतःचा बाप्तिस्मा. कडवटपणाला पुरेपूर कारण होते. पण टिळकांचा रागीटपणा, त्यांचा हाताला न थांबणारा पैसा, स्वतःचे सोवळे, अंगात भिनलेला जातीचा अभिमान, हिंदू नातलग, ख्रिस्ती शेजारी, सगळ्यांविषयी त्या खरे ते सांगतात आणि हसत सांगतात. काहीही झाकलेले नाही, तरी कुणाचाही पाणउतारा होत नाही. वाचताना टिळकांवर राग येतो आणि पुढच्याच पानावर त्यांच्यावर माया जडते. हे साधते कसे? मला वाटते, लक्ष्मीबाई स्वतःला इतरांच्या पंक्तीतच बसवतात म्हणून. खुर्चीवर बसून खाली पाहत हसणाऱ्याला ते कधी जमणार नाही.

म्हणून विनोदाची सीमाही सांगते. एखाद्या भावाच्या गावाकडच्या बोलीवर, एखादीच्या रंगावर, नव्याने आलेल्या कुटुंबाच्या चुकीच्या प्रार्थनेवर, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुणाच्या पूर्वीच्या जातीवर आडून केलेले विनोद अजूनही आपल्या सहभोजनांत ऐकू येतात. समोरचा हसतो, कारण न हसण्याची त्याला सोय नसते. असे काही कानावर आले तर पाळकांनी तिथल्या तिथे थांबवावे. ज्या मंडळ्यांचे पूर्वज सन्मानाने माणूस म्हणून जगता यावे यासाठी गावकुसाबाहेरून येशूकडे आले, त्यांच्याच घरात हे चालता कामा नये.

शास्त्रातला विनोद किती निर्मळ आहे! पेत्र तुरुंगातून सुटून येतो, दार ठोठावतो. रुदा नावाची मुलगी आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळत जाते. आत त्याच्याच सुटकेसाठी प्रार्थना करणारी मंडळी तिला म्हणते, तू वेडी आहेस. पेत्र बिचारा बाहेर ठोठावतोच आहे. त्रोवसात पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबते आणि खिडकीत बसलेला युतुख झोपेच्या झोकात तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो. पौल धावत खाली जातो, त्याला कवटाळतो, मुलगा जिवंत मिळतो. एवढे झाल्यावर पौल पुन्हा वर जाऊन पहाटेपर्यंत बोलतो! लूकने हे गाळले असते तर पौलाची शोभा वाढली असती का? त्याने लिहून ठेवले, आणि प्रेषितांविषयीचा आपला आदर तसूभरही कमी झाला नाही. पाळकांनी उपदेशात कधी हे प्रसंग सांगावेत, मुलांना नाटुकली करायला द्यावेत. जिथे प्रेषितांवर प्रेमाने हसता येते, तिथे कमिटीच्या चुकीवरही न भांडता बोलता येते. वसईकडच्या आपल्या कॅथलिक भावंडांना हे नवे नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या पवित्रतेविषयीच्या पत्रात आनंद आणि विनोदबुद्धी ही पवित्र जीवनाची खूण म्हणून सांगितली, आणि चांगल्या विनोदबुद्धीसाठी संत थॉमस मोर यांच्या नावाने चालत आलेली प्रार्थना आपण रोज करतो असे ते सांगत.

माणसे एकमेकांशी नेट धरून बोलत राहिली की काय होते, याचे उदाहरण आपल्या घरातच आहे. उत्तर भारतातल्या चर्चांच्या ऐक्याची बोलणी १९२९ मध्ये सुरू झाली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले तेव्हा सहा वेगवेगळ्या परंपरा एकत्र आल्या होत्या. बाप्तिस्मा बाळपणी की मोठेपणी, बिशप हवे की नको, असल्या प्रश्नांवर चार दशके बोलणे झाले. एवढे ज्यांनी बोलून सोडवले त्यांच्या नातवंडांना हॉलच्या चाव्यांवरून कोर्टात जावे लागते, याचे मला फार वाईट वाटते.

तेव्हा काही विनंत्या. वार्षिक सभेत हिशेब वाचताना आकडे घाईने उरकू नका. एका लहान मंडळीत खजिनदारांनी शब्बाथ शाळेच्या फळ्यावर खडूने जमा-खर्च लिहून दाखवला. एका शेतकरी बांधवांनी पुढे येऊन बोटाने दाखवत विचारले, 'ही रक्कम दोनदा धरलीय का?' ती दोनदा धरलेली होती. फळा पुसून दुरुस्ती झाली, सगळे हसले, खजिनदारही हसले आणि सभा पुढे गेली. असे फळे सगळीकडे असावेत. एखादी मागणी नाकारली तर कारण त्याच माणसांना, त्याच आठवड्यात, तोंडी सांगा. तरुणांना नकार पचतो, दुर्लक्ष पचत नाही. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटला की कमिटीतल्या कुणीतरी फोन उचलावा किंवा सरळ घरी जावे. वार्षिक सभा चालू असताना भगिनींना चहा करायला पाठवू नका. चहा सभेनंतरही होतो, किंवा बंधूंनाही करता येतो. डायोसिसच्या कागदाखाली चार ओळींचा साध्या मराठीतला सारांश जोडा आणि तो वाचणाऱ्याने प्रश्नांसाठी थांबावे. आणि पाळकांनो, तुमच्याविषयीही एक. तुम्ही सगळ्यांचे ऐकता, तुमचे कुणी ऐकत नाही. पगार वेळेवर मिळत नाही, पार्सोनेजचे, म्हणजे तुमच्या राहत्या घराचे, छत गळते, मुलांच्या शिक्षणाची ओढाताण होते, हे तुम्ही मंडळीला कधी सांगत नाही. सांगा. तुम्ही मोकळे बोललात तर आम्हांलाही धीर येईल.

हे पत्र कुणा एका माणसाविरुद्ध किंवा मंडळीविरुद्ध नाही म्हणून इथे नाव घातलेले नाही. आमच्या कमिटीला दिलेल्या प्रतीवर माझी सही आहे. त्याच पाकिटात येत्या वार्षिक सभेसाठी माझा एक प्रश्नही आहे: कब्रस्तानाच्या भिंतीसाठी जमलेली वर्गणी किती, खर्च किती, आणि उरलेले काम कधी सुरू होणार. उत्तर सभेत, सर्वांसमोर, मराठीत मिळावे ही विनंती.

ख्रिस्तात आपली भगिनी,
मंडळीची एक सभासद